1969 ची फियाट 1100: चालू करायची पण रंगाला हात लावायचा नाही (कामाच्या नोंदी)

17 नोव्हेंबर 2024

गाडी बार्शीत, मामांच्या अडतीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. फियाट 1100 डी, आपल्याकडं जिला डिलाइट म्हणायचे ती, 1969 ची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. डुक्कर फियाट नाही, ती ह्याच्या आधीची, लोक जुनी फियाट दिसली की सरसकट डुक्कर म्हणतात म्हणून आधीच सांगून ठेवतो. 1998 ला मामांनी जीप घेतली आणि ही मागं ढकलून ठेवली ती ठेवलीच. वर रिकामी पोती, ताडपत्री, एक मोडका तराजू.

ठरलंय असं की गाडी चालली पाहिजे, ब्रेक मारला की थांबली पाहिजे, आणि दिसायला आज आहे तशीच राहिली पाहिजे. मूळचा फिकट करडा रंग टपावर खडूसारखा भुरभुरीत झालाय, बोट फिरवलं की बोटाला लागतो. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला मामांचं कोपर टेकून टेकून लाल प्रायमर वर आलाय. डिकीच्या ओठावर ज्वारीची पोती ओढून पत्रा उघडा, तिथला गंज तपकिरी आणि गुळगुळीत, त्यावर अजून नख अडकत नाही. हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग, काळ्या नंबर प्लेटवर ब्रशनं काढलेले पांढरे आकडे, पुढच्या काचेवर वरती पेंटरच्या हातचं 'श्री भगवंत प्रसन्न'. ह्यातलं काहीही जाता कामा नये. फॅक्टरीतून निघाल्यासारखी चकचकीत करायची तर पैसे मोजले की कोणीही करून देतं, पण कोपराची झीज विकत मिळत नाही.

आमचं नशीब म्हणजे बार्शीची कोरडी हवा. हीच गाडी रत्नागिरीला उभी असती तर आता काचा आणि इंजिनचा ठोकळा तेवढा उरला असता. पण उन्हाळ्याचा मार रबराला बसलाय, दाराचं बीडिंग, होज पाइप, काचेची रबरं, सगळं पापडासारखं मोडतंय.

आज काहीच चालू केलं नाही आणि धुतलंही नाही, हे मुद्दाम लिहितोय. वर्षानुवर्षांच्या धुळीवर ओलं फडकं फिरवलं तर ती पॉलिश पेपरचं काम करते. आधी लांबून ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग व्हॅक्यूम. मागच्या सीटखाली उंदरांचं घर, त्यात तुरीची टरफलं, कापूस, आणि अडतीच्या पट्ट्यांचे कुरतडलेले तुकडे. मास्क आणि हातमोजे घालूनच काढा, उंदराच्या लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी फिनेलचं पाणी मारा.

भरपूर फोटो काढले, वायरिंगचे आणि पाइप कुठून कुठं जातात त्याचे जास्त.

24 नोव्हेंबर

चारही टायर बसलेले, चारही चाकं जाम. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याची "ओढून बघू" अशी तयारी होती, त्याला चहा पाजून घरी पाठवला. ब्रेकचे ड्रम जाम असताना गाडी ओढली की टायर तर फाटतंच, वर ब्रेकचं लायनिंग उखडून ड्रममध्ये अडकतं.

जॅक, लाकडी ठोकळे, मग स्टँड. जॅकचा पॉइंट कुजलेला आहे की नाही हे आधी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा. आमचा डावीकडचा मागचा पॉइंट टोचल्यावर आत गेला, तिथं लाल भुकटी. त्याची नोंद पुढं येईल. त्या बाजूला अॅक्सलखालीच ठोकळा दिला.

ड्रम काढायला अख्खा दिवस गेला. पुढचे दोन ब्रेकचा अॅडजस्टर मागं घेऊन, बाजूनं लाकडी हातोडीनं ठोकून निघाले. मागचे निघेनात. त्यांना डिझेल आणि गिअर ऑइल मारून ठेवलंय, रोज संध्याकाळी मामेभाऊ चार टोले देतो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळं ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं. गॅरेजमध्ये हे कोणी पाळत नाही, तुम्ही पाळा.

1 डिसेंबर

इंजिन. 1089 सीसी, चार सिलिंडर, साधं मशीन. पण हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि त्यात लोखंडी प्लग इतकी वर्षं बसलेले, घाई केली तर प्लगबरोबर आटे पण बाहेर येतात. आदल्या आठवड्यापासून प्लगच्या बुडाशी गंज सोडवायचं तेल सोडत होतो. आज पाना लावून पाव फेरा पुढं, पाव मागं, परत तेल, असं करत तीन निघाले. चौथ्याला गरम पाण्याची किटली हेडवर ओतली, अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्या फटीत तेल शिरलं आणि तो पण सुटला.

प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन झाकणं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) आणि थोडं रॉकेल. (रॉकेल आता मिळणं हेच एक काम आहे, शेवटी डिझेल वापरलं.) सेल्फ मारायचा नाही. टॉप गिअर टाकून पुढच्या चाकांना हात लावून काही होत नाही, ही मागून चालणारी गाडी, आणि मागची चाकं तर जाम. म्हणून क्रँक पुलीच्या नटाला लांब पाना. हलली नाही. हलली नाही म्हणून पाइप लावून लटकायचं नाही, रिंगा तुटतात.

11 डिसेंबर, पुणे

ऑफिसचं काम होतं म्हणून आलो आणि बुधवार म्हणून जुना बाजार गाठला. ब्रेक सिलिंडर नाही मिळाले, दरवाजाचं आतलं एक हँडल मिळालं, 150 रुपये, आणि ते पण मूळ झिजलेलं. नवं क्रोम केलेलं 700 ला होतं, बाकीच्या तीन हँडलांशेजारी ते खोटं दिसलं असतं.

पार्टचं गणित असं की डिलाइट आणि नंतरची पद्मिनी ह्यांची बरीच आतली सामग्री एकच, आणि पद्मिनीचे पार्ट इतकी वर्षं मिळत होते ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळं ऑक्टोबर 2023 संपता संपता त्या रस्त्यावरून गेल्या. रोज लागणारं गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार माल कशाला ठेवेल? कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फोनाफोनी करून मित्राकरवी मास्टर सिलिंडर किट, चार चाकांची रबरं, पेट्रोल पंपाचं किट, वॉटर पंप आणि पॉइंट-कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीसाठी लागणारे) मागवलं. सगळं मिळून 6,400. मिळतंय तोवर दोन-दोन घ्या, जास्त करून रबराचं.

22 डिसेंबर

इंजिन फिरलं! मामेभावानं रोज थोडं तेल आणि थोडा पाना असं चालवलं होतं, परवा पुली बोटभर सरकली, आज पूर्ण फेरा. प्लगची भोकं उघडी ठेवून फिरवलं तर तिसऱ्यातून तपकिरी चिखल भिंतीवर उडाला. ऑइल काढलं, डांबर. ऑइलचं चेंबर खोलून तळातला गाळ चमच्यानं खरवडला. हे न करता नुसतं नवं ऑइल टाकून चालू करणारे बरेच आहेत, मग जाळी चोंदते आणि बेअरिंग जातं.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचा) लावला, चार सिलिंडरचे आकडे: 105, 110, 60, 108. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसत नसणार. मिस्त्री म्हणाले हेड उतरवू. मी म्हणलं आधी चालू तर होऊ दे, व्हॉल्व्ह बसतो त्या जागेवर नुसता गंज असला तर चालून चालून साफ होईल. (झाला. पुढं बघा.)

पाण्याच्या बाजूची अवस्था वाईट. बार्शीचं बोअरचं पाणी, मामा तेच रेडिएटरमध्ये घालायचे, आत पांढरा क्षार नुसता. रेडिएटर खोलून शिगा मारून घेतल्या, 1,200. वॉटर पंपाची पाती खाऊन गेलेली. आता घालताना डिस्टिल वॉटर आणि कूलंट, नळाचं पाणी पण नको.

रेडिएटरवाल्यानं न विचारता वरच्या टाकीला काळा रंग मारायला घेतला होता, अर्ध्यावर थांबवला. पितळेवरचा जुना काळा उडालेला भाग किती छान दिसत होता, हे त्याला पटलं नाही. थिनरनं पुसून घेतला.

5 जानेवारी 2025

पेट्रोलची टाकी. झाकण उघडल्यावर जुन्या व्हार्निशचा वास, तळाशी मधासारखा चिकट थर. एक लक्षात घ्या, आपल्याकडं देशभर शिसं नसलेलं पेट्रोल फेब्रुवारी 2000 पासून. ही गाडी 1998 ला थांबली, म्हणजे टाकीत उरलेलं ते शिसंवालं असायची दाट शक्यता. हाताला लावू नका, गटारात तर अजिबात नको. कॅनमध्ये भरून बाजूला ठेवलंय.

टाकी उतरवली, आत मूठभर नट-बोल्ट आणि पाणी-साबण, आणि बांधकामवाल्याच्या मिक्सरला गोधडीत गुंडाळून बांधली. तासाभरात आतला गंज सुटला. मग सायट्रिक अॅसिड रात्रभर, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग ब्लोअरनं वाळवली. आणि मग कळलं की गंजानंच भोकं बुजली होती, तळाला सुईएवढी तीन भोकं. डाग देऊन घेतला. डाग देताना टाकी पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरलेली पाहिजे, धुतलेल्या टाकीतसुद्धा वाफ राहते आणि माणसं मेलेली आहेत.

खर्च 900 आणि मिक्सरवाल्याला नाष्टा.

12 जानेवारी

ब्रेक पूर्ण. मास्टर सिलिंडरच्या आत खड्डे पडलेले, सोलापुरात लेथवर पितळी स्लीव्ह बसवून घेतला. चाकाचे सहा सिलिंडर हलक्या हातानं घासून, नव्या रबरांसह बसवले. लोखंडी ब्रेक पाइप वरून चांगले दिसत होते, क्लिपखाली गंजून कागद झाले होते, सगळे नवे. होज पाइप पण नवे. लायनिंग नवी चिकटवून घेतली. एकूण 9,800.

इथं जुनंपणाचा लाड केला नाही आणि करूही नये. जिच्यावर जीव अवलंबून ती वस्तू नवी, जी नुसती दिसते ती जुनी. मागच्या ड्रमवरचा बाहेरचा गंज मात्र तसाच ठेवलाय.

टायर 5.20-14. साइज शोधायला वेळ लागला. घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. एक दुकानदार "एकदम नवीन, कव्हरमधला" म्हणून दाखवत होता तो सात वर्षांचा निघाला.

26 जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि पहिल्यांदा चालू केली.

टाकी अजून जोडलेली नव्हती. सलाइनच्या बाटलीसारखी एक लिटरची बाटली बोनेटला टांगून थेट सोलेक्स कार्ब्युरेटरला पाइप. पॉइंट साफ करून गॅप लावला, ठिणगी निळी. प्लग काढूनच आधी सेल्फ मारत राहिलो, ऑइलचं प्रेशर वर आलेलं दिसेपर्यंत. मग प्लग, मग फट्‌, आणि कार्ब्युरेटरमधून जाळ. प्लगच्या वायरी 1-2-3-4 अशा ओळीनं लावल्या होत्या मिस्त्रींच्या पोरानं, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. बदलल्या. दुसऱ्या झटक्याला पेटली. सायलेन्सरमधून आधी उंदराचं उरलंसुरलं घरटं बाहेर, मग पांढरा धूर इतका की समोरच्या गाळ्यातले हमाल पळत आले.

मामा आतून आले, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट वाजतंय. तेव्हापण वाजायचं." ते तसंच ठेवायचं का असं क्षणभर वाटलं, पण नाही, लावून घेतलं.

अर्धा तास चालवून बंद. गार झाल्यावर कॉम्प्रेशन परत बघितलं, तिसरा 60 वरून 95. हेड उतरवायचे पैसे वाचले.

9 फेब्रुवारी

क्लच चिकटला. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही, क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय. स्टिअरिंगवरचा गिअर आहे, त्यामुळं आधी वाटलं दांड्याच जाम असतील, त्या सगळ्या सोडवून ग्रीस करण्यात एक रविवार वाया गेला.

पहिला उपाय, पेडल दाबून लाकडाच्या फळीनं सीटला अडकवून आठवडाभर ठेवलं. काही नाही. दुसरा, इंजिन गरम करून बंद केलं, फळी तशीच ठेवून मागची चाकं भक्कम स्टँडवर उचलली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, टॉप गिअर टाकला आणि गिअरमध्येच सेल्फ मारला. इंजिन चालू, मागची चाकं हवेत गरागरा. मग ब्रेक हळूहळू मारत, सोडत, मारत. चार-पाच वेळा मारल्यावर 'टक' आणि चाकं थांबली, इंजिन चालू राहिलं. सुटला. हे करताना गाडीच्या पुढं किंवा मागं कोणीही उभं राहायचं नाही, स्टँड हलका असेल तर हा उपाय करूच नका, सरळ गिअरबॉक्स उतरवा.

23 फेब्रुवारी

तळ. डावीकडचा मागचा जॅक पॉइंट आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा वीतभर पत्रा सडलेला. पायपुसण्याखाली कोणीतरी पूर्वी डांबर ओतून ठेवलं होतं, ओल आत अडकून पत्रा खाल्ला.

वेल्डर म्हणाले पूर्ण फ्लोअरच बदलू, दोन दिवसांचं काम, 18,000. नको. सडका तेवढाच कापला, कडेचा चांगला पत्रा पांढरा दिसेपर्यंत, त्याच जाडीचा तुकडा आतून बसवून टाके मारत मारत वेल्ड. एका दमात वेल्ड ओढली की उष्णतेनं पत्रा वाकतो आणि शेजारचा जुना रंग जळतो, म्हणून दर दोन टाक्यांनी ओलं फडकं. खालून प्रायमर आणि अंडरकोटिंग, वरून नुसता करडा हात. 4,500. नवा तुकडा लपवला नाही, बघणाऱ्याला दिसू दे.

9 मार्च

आज डोकं फिरलं. वेल्डरकडं गाडीचं पुढचं डावं मडगार्ड सोडून ठेवलं होतं, आतून गंज काढायला. त्यांच्याकडं नवीन लागलेल्या पोरानं, स्वतःहून, चांगल्या मनानं, बाहेरून पॉलिश पेपर मारायला घेतला. तळहाताएवढा भाग. करडा रंग गेला, प्रायमर गेला, मधोमध चकचकीत पत्रा. त्याला कळेना मी एवढा का ओरडलो, "सर, पुट्टी भरून कलर मारल्यावर दिसणार पण नाही." अगदी बरोबर आहे त्याचं, तो रोज हेच करतो आणि लोक त्याचेच पैसे देतात.

आता त्या जागेचं काय करायचं? पर्याय एक, रंग मॅच करून मारणे. रंगवाल्यानं कॉम्प्युटरवर मॅच करून दिलेला डबा झाकणावर लावून बघितला, जवळचा आहे पण अंगावर ठिगळ दिसतं, कारण बाकीचा रंग इतक्या वर्षांत फिका झालाय आणि तो प्रत्येक पॅनेलवर वेगळा फिका झालाय. पर्याय दोन, तिथं मुद्दाम गंज आणणे, मीठ-व्हिनेगर लावून. परदेशातले लोक करतात. मला ते नाटक वाटतं, खोटी झीज करायची तर मग एवढा खटाटोप कशाला. शेवटी पत्र्यावर फक्त संरक्षक थर द्यायचा आणि तो डाग म्हणून राहू द्यायचा असं ठरवलं. गाडीच्या अंगावर 1969 पासूनचे डाग आहेत, त्यात हा 2025 चा.

ज्यांच्याकडं असं काम द्याल तिथं पॅनेलवर कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, 'बाहेरून हात लावू नये'. तोंडी सांगितलेलं मालकापर्यंत राहतं, पोरापर्यंत जात नाही.

30 मार्च, पाडवा

रंगाचं काम, म्हणजे रंग न देण्याचं काम.

आधी धुतली. बादलीभर पाण्यात थोडा सौम्य शाम्पू, मऊ सुती फडकं, वरून खाली, फडकं सारखं बदलत. प्रेशर वॉशर नाही, उडायला आलेले पापुद्रे निघून जातात. काचेवरच्या 'श्री भगवंत प्रसन्न'च्या अक्षरांना पाणी पण लावलं नाही, सुक्या ब्रशनं धूळ काढली. ती अक्षरं काचेच्या बाहेरच्या बाजूनं ऑइल पेंटची आहेत, 'प्रसन्न'चा शेवटचा न निम्मा उडालाय.

उघड्या पत्र्यावर आणि गंजावर काय लावायचं ह्यावर तीन गोष्टी डिकीच्या आतल्या बाजूला करून बघितल्या. बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल), साधं गाडीचं वॅक्स, आणि पारदर्शक लॅकर.

लॅकर पहिल्यांदा बाद. सगळं ओलं दिसायला लागतं, मिठाईवर वर्ख लावल्यागत, आणि खाली ओल शिरली की थर सोलतो.

बेलतेल दिसायला सगळ्यात सुंदर. गंजाचा रंग गडद, जिवंत होतो. पण किराणा दुकानातलं खायचं जवसाचं तेल आणू नका, ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल घ्या, त्यात निम्मं टर्पेंटाइन, आणि लावून वीस मिनिटांनी जवळजवळ सगळं पुसून घ्या. मी डिकीच्या ओठावर जाडसर ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी मोंढ्यातली सगळी धूळ त्याला, ज्वारीचा कोंडा पण. टर्पेंटाइननं काढून परत पातळ लावलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना गरम होतं, चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. पसरून उन्हात वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. शेडमध्ये बाजूला बारदान असताना तर हे डोक्यात पक्कं पाहिजे.

म्हणून उघडा पत्रा आणि गंज तिथं बेलतेल, रंग शिल्लक आहे तिथं वॅक्स. खडूसारख्या टपावर कंपाउंड मारायचा मोह झाला, एका कोपऱ्यात रुपयाएवढं मारून बघितलं, खालून ओला गर्द करडा रंग वर आला. सुंदर होता. तरी थांबलो, रंगाचा थर किती उरलाय कोणाला माहीत, आणि कंपाउंड म्हणजे उरलेला रंगच घासून काढणं. नुसतं वॅक्स.

मामी बाहेर येऊन बघून गेल्या. "एवढे दिवस लावलेस आणि रंग नाही मारलास? लोक म्हणतील पैसे संपले."

खरं तर संपलेत पण.

13 एप्रिल

वायरिंग पटकन लिहितो. उंदरांनी डॅशबोर्डच्या मागचं निम्मं खाल्लेलं. वायरमननं पूर्ण नवा हार्नेस बनवून दिला, त्याच रंगाच्या वायरी, वरून मूळ होती तशी कापडी टेप, 5,500. जास्तीचा एक फ्यूज बॉक्स सीटखाली लपवला. डायनामो आहे, अल्टरनेटर नाही, सगळे सांगतात बदल, मी बदललेला नाही. आयडलला चार्जिंगचा दिवा लुकलुकतो, तो लुकलुकायचाच.

सीटचं रेक्झिन शिवणीत फाटलंय. वरून नवं कव्हर घातलं असतं तर दोन तासांचं काम. त्याऐवजी कारागिरानं कव्हर उलटं करून, फाटलेल्या जागी आतून कॅनव्हासचं अस्तर चिकटवलं, आणि जुन्याच टाक्यांच्या भोकांतून दोरा ओवला. आतला काथ्या झटकून, थोडा नवा घालून परत भरला. बसल्यावर अजून कुरकुरते. 2,800, कारागिराची मजुरी ह्यापेक्षा जास्त असायला हवी होती.

20 एप्रिल

कागदपत्रं. 2021 ला केंद्राचा नियम आला, 50 वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींना व्हिंटेज म्हणून नोंदणी, नवीन नोंदणीला 20,000, दहा वर्षांसाठी, पुढं नूतनीकरणाला 5,000. अट अशी की चासी, बॉडी, इंजिन ह्यात मोठे फेरफार केलेले नसावेत. म्हणजे आपण रंग-पत्रा तसाच ठेवला ते इथंही कामाला येतं. पण व्हिंटेजमध्ये टाकली की रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मला एवढंच पाहिजे, तोच अर्ज करतोय. जुनं आरसी बुक अडतीच्या तिजोरीत सापडलं, ते नसतं तर अवघड होतं. तुमच्याकडं अशी गाडी असेल तर पाना हातात घ्यायच्या आधी कागद शोधा.

काळी नंबर प्लेट हा दुःखाचा विषय. नियमाप्रमाणं जी लागेल ती लागेल, हाताची प्लेट चार स्क्रू सोडून, मागं फोम लावून, डिकीत ठेवणार. भिंतीवर टांगायची नाही, गाडीबरोबरच राहील.

4 मे

कागद होईपर्यंत रस्त्यावर काढायची नाही, म्हणून रविवारी बाजार बंद असताना आवारातल्या आवारात फेऱ्या. ब्रेक सरळ लागतात, कुठं ओढत नाही. दुसऱ्या गिअरला कुरबुर. टेंपरेचर ठीक.

आणि पंधराव्या मिनिटाला बंद. सेल्फ फिरतोय, ठिणगी आहे, पेट्रोल नाही. सकाळचे अकरा, सावलीतच चाळीसच्या घरात. मी पंप खोलायला पाना घेतला तर मामांनी मागच्या सीटवरचं फडकं माठाच्या पाण्यात बुडवलं, इंजिनच्या पेट्रोल पंपावर ठेवलं आणि म्हणाले, "पाच मिनिटं थांब." पाच मिनिटांनी पहिल्या सेल्फला चालू. व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो. हा प्रकार तेव्हापण असायचा, आता जास्त होणार, कारण आता बाजारात पेट्रोल मिळतं ते 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं.

गार झाल्यावर पंप खोललाच, आणि बरं झालं खोलला. डिसेंबरात आणलेल्या किटमधला पडदा काही आठवड्यांत फुगून मऊ झालाय, कडेला सुरकुत्या. किट जुन्या स्टॉकमधलं, साध्या रबराचं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आणि आपल्याच गाडीचा पडदा खातंय, घ्या. पेट्रोलचा रबरी पाइप पण दाबला की मऊ लागतोय.

पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या मटेरियलचा शोधतोय, पाइप व्हायटॉन रबराचा मागवलाय, मीटरला 450. पंप ते कार्ब्युरेटर मधला धातूचा पाइप एक्झॉस्टच्या फार जवळून जातो, त्याला उष्णतारोधक पट्टी गुंडाळणार आणि पंप आणि ब्लॉकच्या मधे जाड फायबरची पॅकिंग टाकून बघणार. आजवरचा खर्च टायर धरून साठ हजारांच्या आसपास, व्हिंटेजची फी वेगळी. गाडी उभी ठेवताना टाकी रिकामी करायची, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल चालवून संपवायचं. पॅकिंगचा काय परिणाम होतो ते भर मेमध्येच कळेल, पुढच्या रविवारी दुपारी दोन वाजता मुद्दाम उन्हात चालवून बघतो.